गुणोत्तर दुप्पट, लोड पाव: एमसी कार्ट्रिजला स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर जुळवताना

पहिल्यांदा टर्नटेबलसाठी मूव्हिंग कॉइल, म्हणजे एमसी कार्ट्रिज (सुईच्या हालचालीतून सिग्नल तयार करणारा भाग) घेऊन ती नेहमीच्या फोनो इनपुटला, म्हणजे रेकॉर्डसाठीच्या इनपुटला जोडली की व्हॉल्यूम जवळजवळ शेवटपर्यंत फिरवावा लागतो. तरी गाणं लांबूनच येतं, आणि जवळून ऐकू येते ती नुसती सरसर. कार्ट्रिज बिघडलेली नसते. मूव्हिंग मॅग्नेट म्हणजे एमएम कार्ट्रिज ४ ते ५ मिलिव्होल्ट देते आणि फोनो इनपुट तेवढ्यासाठीच बनवलेला असतो. एमसीच्या कॉइलला मात्र तारेचे मोजकेच वेढे असतात, त्यामुळे तिच्यातून ०.२ ते ०.५ मिलिव्होल्टच बाहेर पडतात. दहा ते वीस पटींची ही दरी भरून काढणारी, विजेची जोडणी न लागणारी वस्तू म्हणजे स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर.

ट्रान्सफॉर्मर फक्त आवाज मोठा करतो असं समजून खरेदी केली की पैसे वाया जातात. फोनो स्टेजचा, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटचा, ४७ किलोओहमचा इनपुट कार्ट्रिजला किती भासावा, हेही ट्रान्सफॉर्मरच ठरवतो. बहुतेक चुका या दुसऱ्या कामाकडे लक्ष न दिल्याने होतात. म्हणून खरेदीच्या आधी कागद-पेन घेऊन बसा. दहा मिनिटांचं गणित आहे, गुणाकार-भागाकारापलीकडे काही नाही.

कार्ट्रिजच्या माहितीपत्रकातले आकडे

तीन आकडे लिहून घ्या: आउटपुट (मिलिव्होल्ट), अंतर्गत इम्पीडन्स, म्हणजे कॉइलचा स्वतःचा विरोध (ओहम) आणि कंपनीने सुचवलेला लोड, म्हणजे कार्ट्रिजला पुढे भासावा असा विरोध (ओहम).

आउटपुटचा आकडा वाचताना त्याच्या शेजारी सुईचा वेग काय दिलाय तेही बघा. बऱ्याच कंपन्या ५ सेंमी प्रति सेकंद या वेगाला मोजलेला आकडा देतात, काही ३.५४ ला मोजलेला. ३.५४ चा आकडा असेल तर त्याला १.४ ने गुणा, मगच इतरांशी तुलना करा. हा गुणाकार राहिला तर एखादी कार्ट्रिज उगाच अशक्त वाटते आणि तिच्यासाठी गरजेपेक्षा मोठा ट्रान्सफॉर्मर घेतला जातो.

उदाहरणासाठी डेनॉन डीएल-१०३ घेऊ. १९६० च्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेच्या कामासाठी घडवलेली ही कार्ट्रिज आजही नवी मिळते, आणि एमसीकडे वळणाऱ्या कितीतरी जणांची ती पहिलीच असते. आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट, इम्पीडन्स ४० ओहम, सुईचा दाब २.५ ग्रॅम. एमसीमध्ये ४० ओहम हा आकडा बराच मोठा आहे आणि सगळी गंमत तिथेच आहे.

माहितीपत्रकात आउटपुट १.५ मिलिव्होल्ट किंवा त्याहून जास्त असेल, तर ती हाय-आउटपुट एमसी. डेनॉन डीएल-११० अशीच आहे: १.६ मिलिव्होल्ट, १६० ओहम. ती थेट एमएम इनपुटला जोडायची, ट्रान्सफॉर्मरची गरज नाही. एमएम कार्ट्रिजला तर ट्रान्सफॉर्मर कधीच लावायचा नाही. तिच्या कॉइलचा रेझिस्टन्स शेकडो ओहमचा आणि इंडक्टन्स मोठा असतो, ट्रान्सफॉर्मरपुढे तिचा आवाज बसतो.

फोनो स्टेजच्या बाजूने काय बघायचं

ट्रान्सफॉर्मरच्या पुढे नेहमी एमएम इनपुटच हवा. फोनो स्टेजवर एमएम/एमसी असं बटण असेल तर ते एमएमवर ठेवा. नवख्यांची सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच. कार्ट्रिज एमसी आहे म्हणून बटणही एमसीवर, असा सरळ विचार केला जातो. पण एमसी इनपुट साधारण १०० ओहमचा असतो. १:२० च्या ट्रान्सफॉर्मरमागून तो कार्ट्रिजला पाव ओहम भासतो, म्हणजे जवळजवळ शॉर्टच. आवाज मरतो, जो उरतो तो विचित्र लागतो.

दुसरं, टर्नटेबलमध्येच फोनो स्टेज बसवलेला आहे का ते तपासा. सुरुवातीच्या किमतीच्या बऱ्याच टर्नटेबलना मागच्या बाजूला फोनो/लाइन असं बटण असतं. ते फोनोवर हवं. बटणच नसेल आणि आत फोनो स्टेज असेल, तर त्या टर्नटेबलला बाहेरून ट्रान्सफॉर्मर लावता येत नाही.

तिसरं, एमएम इनपुटचा गेन, म्हणजे तो सिग्नल किती वाढवतो. ४० डेसिबल हा सर्वसाधारण आकडा. ४० डेसिबल म्हणजे शंभर पट, म्हणजे ४ मिलिव्होल्टचे ४०० मिलिव्होल्ट होतात आणि पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरला तेवढं पुरतं. इनपुट किती मिलिव्होल्टला ओव्हरलोड होतो हा आकडा दिला असेल तर तोही टिपून ठेवा, पुढे कामाला येईल.

गणित

ट्रान्सफॉर्मरवर १:१०, १:२० असं वेढ्यांचं गुणोत्तर लिहिलेलं असतं. व्होल्टेज त्या पटीने वाढतं. लोड मात्र गुणोत्तराच्या वर्गाने भागला जातो:

कार्ट्रिजला दिसणारा लोड = ४७,००० ÷ (गुणोत्तर × गुणोत्तर)

१:५ ला १,८८० ओहम, १:१० ला ४७०, १:१५ ला २०९, १:२० ला ११७, १:३० ला ५२ आणि १:४० ला अवघे २९. गुणोत्तर दुप्पट केलं की लोड पाव होतो. हे एक वाक्य पाठ असलं तरी निम्मं काम झालं.

आता दुसरी पायरी. कार्ट्रिजचं सगळं व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरला मिळत नाही. काही भाग तिच्या स्वतःच्या कॉइलच्या रेझिस्टन्समध्येच पडतो. म्हणून फोनो स्टेजपर्यंत खरोखर पोचणारं व्होल्टेज असं काढायचं:

आउटपुट × गुणोत्तर × लोड ÷ (लोड + कार्ट्रिजचा इम्पीडन्स)

डीएल-१०३ साठी करून बघा. १:१० लावला तर ०.३ × १० = ३, त्याला ४७०/५१० ने गुणलं की २.७६ मिलिव्होल्ट. १:२० लावला तर ६ × ११७/१५७, म्हणजे सुमारे ४.५ मिलिव्होल्ट. इथपर्यंत अपेक्षेप्रमाणे चाललंय. आता १:४० लावा: १२ × २९/६९, म्हणजे ५.१ मिलिव्होल्ट.

गुणोत्तर दुप्पट झालं आणि आवाज जेमतेम १ डेसिबलने वाढला, कानाला धड कळणारही नाही एवढाच. याची किंमत काय, तर कार्ट्रिजवरचा लोड ११७ वरून २९ ओहमवर आला, तिच्या स्वतःच्या इम्पीडन्सच्याही खाली. निम्म्याहून जास्त व्होल्टेज आता कार्ट्रिजच्या आतच खर्च होतंय. गणित पुढे नेलं तर दिसतं की या कार्ट्रिजसाठी १:३४ च्या आसपास आउटपुट सर्वात जास्त, ५.१४ मिलिव्होल्ट मिळतो. त्यापुढे गुणोत्तर वाढवाल तसा आवाज कमीच होत जातो.

१:३४ ला लोड साधारण ४० ओहम, म्हणजे कार्ट्रिजच्या इम्पीडन्सएवढा होतो. जुन्या पुस्तकांत ‘मॅचिंग’ हा शब्द या अर्थाने यायचा: दोन्ही बाजू सारख्या, जास्तीत जास्त पॉवर पुढे. टेलिफोनच्या लाइनला ते योग्य होतं. इथे आपल्याला पॉवर नको, व्होल्टेज हवं. म्हणून लोड कार्ट्रिजच्या इम्पीडन्सच्या काही पट असावा लागतो. तीन पटींच्या खाली जाऊ नका. पाच ते दहा पट असेल तर निर्धास्त. कंपनीने सुचवलेला लोड दिला असेल तर त्याला पहिला मान. ‘४० ओहमच्या कार्ट्रिजला ४० ओहमचा लोड मिळवून देतो’ असं कुणी विक्रेता अभिमानाने सांगू लागला, तर हा हिशोब त्याच्यासमोर ठेवा.

डीएल-१०३ ला मग काय घ्यायचं? १:१० ला आवाज एमएमपेक्षा थोडा कमी पडेल, साधारण ४-५ डेसिबल. व्हॉल्यूम जरा पुढे ठेवावा लागेल, एवढंच. लोड जवळजवळ बारा पट, कार्ट्रिज मोकळी वाजते. डेनॉनचा स्वतःचा एयू-३००एलसी हा ट्रान्सफॉर्मरही १:१० चाच होता. १:२० ला लोड तीन पट, म्हणजे काठावर, पण आवाज पुरेसा. फोनो स्टेज शांत असेल तर १:१०, सरसर करणारा असेल तर १:१५ ते १:२०. १:३० आणि १:४० या कार्ट्रिजसाठी नाहीत.

तीच रीत, वेगळ्या कार्ट्रिज

ऑर्टोफोनची एसपीयू १९५९ ची. जुन्या धाटणीच्या एसपीयूचं आउटपुट ०.२ मिलिव्होल्टच्या आसपास आणि इम्पीडन्स जेमतेम २ ओहम. तिला १:३० लावा: लोड ५२ ओहम, म्हणजे तरीही सव्वीस पट, आणि पुढे ५.८ मिलिव्होल्ट. जे गुणोत्तर डेनॉनची गळचेपी करतं, तेच इथे अगदी फिट बसतं. म्हणूनच ‘कोणता ट्रान्सफॉर्मर चांगला’ या प्रश्नाला कार्ट्रिजचं नाव कळेपर्यंत उत्तर देता येत नाही.

ऑर्टोफोन क्विंटेट ब्रॉन्झ: ०.३ मिलिव्होल्ट, ५ ओहम. आउटपुट डेनॉनएवढंच, पण इम्पीडन्स आठवा हिस्सा. १:१५ ला ४.४, १:२० ला ५.८ मिलिव्होल्ट. दोन्ही चालतात, १:१५ जास्त आरामात.

ऑडिओ-टेक्निका एटी-ओसी९एक्सएमएल: ०.४ मिलिव्होल्ट, १२ ओहम. १:१० ला ३.९ मिलिव्होल्ट आणि ४७० ओहम. यापेक्षा सरळ जोडी शोधायला नको.

हाना एसएल बघण्यासारखी आहे. ०.५ मिलिव्होल्ट, ३० ओहम आणि सुचवलेला लोड ४०० ओहमच्या वर. १:१० ला ४.७ मिलिव्होल्ट, ४७० ओहम: बरोबर. १:२० लावला तर फोनो स्टेजला ८ मिलिव्होल्ट मिळतात. रेकॉर्डवरचे जोरकस क्षण सरासरीच्या सहा-आठ पट वर जातात, म्हणजे ५०-६० मिलिव्होल्टपर्यंत. काही फोनो स्टेज, विशेषतः व्हॉल्व्हचे साधे सर्किट असलेले, तिथे फाटू लागतात. मघाशी टिपून ठेवलेला ओव्हरलोडचा आकडा आता काढा. शिवाय लोड ११७ वर येऊन बसलेला असतो तो वेगळाच.

फोनो स्टेजला ३ ते ६ मिलिव्होल्ट मिळावेत हे लक्ष्य ठेवा. २.५ च्या खाली सरसर जाणवू लागते, ७ च्या वर काळजी सुरू होते.

ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेल्या ओहमचा अर्थ

जुन्या जपानी ट्रान्सफॉर्मरवर ३ ओहम / ४० ओहम असं बटण दिसतं. तो आकडा लोडचा नाही. ‘एवढ्या इम्पीडन्सच्या कार्ट्रिजसाठी’ असा त्याचा अर्थ. ३ ओहमच्या बाजूला गुणोत्तर मोठं, ४० च्या बाजूला लहान. जुना ट्रान्सफॉर्मर घेताना विक्रेत्याला ओहम विचारू नका, दोन्ही बाजूंचं गुणोत्तर किंवा डेसिबल गेन विचारा. २० डेसिबल म्हणजे १:१०, २६ म्हणजे १:२०, ३२ म्हणजे १:४०.

हा आकडा दुसऱ्या कारणानेही महत्त्वाचा आहे. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला, म्हणजे कार्ट्रिजकडच्या वेढ्यांना, ठरावीक इंडक्टन्स असतो. ३ ओहमच्या कार्ट्रिजसाठी गुंडाळलेल्या प्रायमरीवर वेढे कमी, म्हणून इंडक्टन्सही कमी. तिथे ४० ओहमची कार्ट्रिज जोडली की खर्ज गळायला लागतो. तंबोऱ्याचा खर्ज आणि तबल्याच्या डग्ग्याची घुमक पातळ झाली, बाकी सगळं ठीक वाटतंय, अशी तक्रार असेल तर पहिला संशय यावर घ्या.

नुसते ट्रान्सफॉर्मर घेऊन घरी डबीत बसवायचे असतील तर स्वीडनची लुंडाल, अमेरिकेतल्या जेन्सन आणि सिनेमॅग, जपानची हाशिमोतो ही नावं आहेत. जेन्सन जेटी-४४के-डीएक्स १:१० चा आहे, मध्यम इम्पीडन्सच्या बहुतेक कार्ट्रिजला तो चालतो. काही मॉडेलमध्ये प्रायमरीचे दोन भाग असतात. ते सिरीजमध्ये जोडले तर गुणोत्तर निम्मं, पॅरलल जोडले तर दुप्पट. उद्या कार्ट्रिज बदलण्याचा विचार असेल तर असाच घ्या. जोडताना कंपनीच्या आकृतीतला ठिपका पाहूनच जोडा. एक भाग उलटा जोडला गेला तर दोन्ही भाग एकमेकांना मारतात आणि आवाजच येत नाही.

एक सक्त सूचना: कार्ट्रिजच्या पिनांवर किंवा ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर मल्टीमीटर ओहमवर ठेवून लावू नका. मल्टीमीटर आतून करंट सोडतो. त्याने ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकित होऊ शकतो आणि कार्ट्रिजच्या केसाएवढ्या तारेला धोका पोचू शकतो. तारांची तपासणी करायची असेल तर दोन्ही टोकं सुटी करून फक्त तारच तपासा.

जोडणी

अ‍ॅम्प्लिफायर बंद करा. फोनो स्टेजचाही प्लग काढा. सुईला टोपी घाला.

कार्ट्रिजच्या मागे चार पिना: पांढरी डावीकडची प्लस, निळी डावीकडची मायनस, लाल उजवीकडची प्लस, हिरवी उजवीकडची मायनस. क्लिप बोटाने दाबू नका. बारीक चिमट्याने पिनेच्या सरळ रेषेत सरकवा. घट्ट जात असेल तर जोर लावू नका, आधी टाचणीने क्लिप किंचित उघडा. सैल असेल तर दात कोरायची काडी आत धरून हलकेच आवळा. एमसीचा सिग्नल इतका बारीक असतो की सैल क्लिप म्हणजे आज एक चॅनेल आहे, उद्या नाही.

टोनआर्मची (कार्ट्रिज धरणाऱ्या दांडीची) केबल ट्रान्सफॉर्मरच्या इनपुटला. ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटमधून वेगळी केबल फोनो स्टेजच्या एमएम इनपुटला. ही दुसरी केबल अर्धा मीटर पुरे, एक मीटरपेक्षा लांब नको. त्यामागेही पुन्हा तोच वर्ग आहे. केबल आणि फोनो इनपुट मिळून २५० पिकोफॅरॅड कपॅसिटन्स असेल, तर १:२० च्या ट्रान्सफॉर्मरमागून तो ४०० पट होऊन ०.१ मायक्रोफॅरॅड भासतो. त्यात ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा कपॅसिटन्स मिळाला की वरच्या पट्टीत उंचवटा तयार होतो आणि झांजा, ‘स’चे उच्चार टोचायला लागतात. म्हणून केबल आखूड आणि कमी कपॅसिटन्सची, मीटरला १०० पिकोफॅरॅडच्या आतली घ्या. फोनो स्टेजवर कपॅसिटन्सचं बटण असेल तर ते सर्वात कमीवर.

टोनआर्मची सुटी हिरवी किंवा काळी ग्राउंड तार ट्रान्सफॉर्मरच्या ग्राउंड स्क्रूला लावा. तिथून दुसरी तार फोनो स्टेजच्या ग्राउंड स्क्रूला. एका सरळ माळेत. टर्नटेबलची ग्राउंड तार थेट फोनो स्टेजला आणि शिवाय ट्रान्सफॉर्मरमार्गेही, अशी दोन वाटांनी जोडली की वर्तुळ तयार होतं आणि त्यात घरघर शिरते.

घरघर काढणं

ट्रान्सफॉर्मर जोडला आणि काहीच घरघर नाही, असं पहिल्या दिवशी क्वचितच होतं. ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र घरात सगळीकडे असतं. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचं कामच चुंबकीय क्षेत्र पकडण्याचं, तो बाहेरचंही पकडतो. त्यात आरआयएए कर्व्हप्रमाणे (रेकॉर्डचा खर्ज-तार समतोल परत आणणारा ठरलेला आराखडा) फोनो स्टेज ५० हर्ट्झला १ किलोहर्ट्झपेक्षा १७ डेसिबल, म्हणजे सातपट जास्त वाढवतो. म्हणून ही चिकाटीची पायरी आहे, तिला एक संध्याकाळ द्या.

आधी आवाज ओळखा. खोल, गुळगुळीत ‘ऊंऽऽ’ असेल तर तो ५० हर्ट्झचा हम, बहुधा चुंबकीय. खरबरीत, भुंग्यासारखा ‘झर्रर्र’ असेल तर त्यात १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटी आहेत. त्याचं मूळ अर्थिंग, पॉवर सप्लाय किंवा पंख्याच्या रेग्युलेटरसारख्या उपकरणात असतं. पंखा, डिमर, फोनचा चार्जर, इन्व्हर्टर एकेक बंद करून बघा.

गुळगुळीत हमसाठी जागा बदलणं हेच औषध. सुई रेकॉर्डवर न ठेवता टोनआर्म स्टँडवर लॉक करा. व्हॉल्यूम शून्यावरून हळूहळू नेहमीच्या पातळीच्या थोडा वर न्या. आता ट्रान्सफॉर्मरची डबी हातात घ्या आणि केबल पोचेल तेवढी अ‍ॅम्प्लिफायरपासून लांब न्या. अर्धा मीटर तरी अंतर हवं. अ‍ॅम्प्लिफायरच्या वर ठेवलीत तर कुठलंही शील्डिंग पुरं पडणार नाही. मग जागा तीच ठेवून डबी सावकाश फिरवा, घड्याळाच्या तासकाट्यासारखी, प्रत्येक वेळी अर्ध्या तासाच्या अंतराएवढी. एखाद्या कोनात हम फुगतो आणि तिथून साधारण काटकोनात वळलात की तो खाली बसतो, एखाद्या खोलीतला पंखा बंद व्हावा तसा. मग डबी उभी करून, आडवी करून तेच पुन्हा. सर्वात शांत जागा सापडली की खाली शेल्फवर पट्टी चिकटवून खूण करा, नाहीतर पुढच्या साफसफाईत ती हरवते.

डबी हलवून हम अजिबात बदलत नसेल, तर तो चुंबकीय नाही. टोनआर्मला बोट लावा. बोट लावल्यावर हम कमी झाला तर टोनआर्मची ग्राउंड तार कुठेतरी सुटलेली आहे. ती ठीक असेल तर ट्रान्सफॉर्मर आणि फोनो स्टेज यांच्यातली ग्राउंड तार काढून बघा. काही जोड्यांत केबलची शील्डच ते काम करते आणि वेगळी तार वर्तुळ पूर्ण करते.

जुन्या इमारतींत दोन पिनांचे सॉकेट असतात किंवा तिसऱ्या भोकामागे अर्थची तारच नसते. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. २-३ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर आधी घराचं अर्थिंग दुरुस्त करा. हम घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन कापणं हा उपाय नाही, तो जिवाशी खेळ आहे.

पहिली रेकॉर्ड

ओळखीची, जोरकस वाद्यवृंद नसलेली रेकॉर्ड घ्या. ख्यालाची एलपी यासाठी उत्तम. सुरुवातीला तंबोरे एकटे असतात. खर्जाची तार भरीव वाटते का, जवारीचा झंकार रेशमासारखा सुटतो की काचेसारखा टोचतो, हे दोन मिनिटांत कळतं. झंकार दबलेला, बोथट वाटला तर लोड फार कमी झालाय. टोचत असेल तर लोड फार जास्त आहे किंवा केबलचा कपॅसिटन्स.

मग मोनो बटण असेल तर दाबा. आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये यायला हवा. मोनो केल्यावर खर्ज नाहीसा झाला आणि गायक पोकळ वाटू लागला, तर एका चॅनेलच्या प्लस-मायनस तारा उलट्या आहेत. कार्ट्रिजच्या क्लिपा आणि ट्रान्सफॉर्मरची सोल्डरिंग दोन्ही तपासा.

७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्या या सुईने वाजवू नका. त्यांची खाच बरीच रुंद असते, एलपीची सुई तळाशी घासत जाते.

रेझिस्टरने लोड बारीक जुळवणं

गुणोत्तर ठरलं, आवाज पुरेसा आहे, पण लोड थोडा कमी करून बघायचाय. यासाठी नवीन ट्रान्सफॉर्मर लागत नाही. सेकंडरीला, म्हणजे आउटपुटच्या बाजूला, प्लस आणि मायनसमध्ये रेझिस्टर लावा. फोनो स्टेजचे ४७ किलोओहम आणि हा रेझिस्टर पॅरलल होतात. ४७ किलोओहमचाच रेझिस्टर लावला की एकूण निम्मं, २३.५ किलोओहम. १:१० ला ४७० चे २३५ ओहम झाले, १:२० ला ११७ चे ५९.

ठरावीक लोड हवा असेल तर उलटं गणित. समजा डीएल-१०३आर आहे (१४ ओहम, ०.२५ मिलिव्होल्ट), ट्रान्सफॉर्मर १:१० आणि लोड २२० हवाय. सेकंडरीला एकूण २२० × १०० = २२ किलोओहम दिसायला हवेत. ४७ शी पॅरलल होऊन २२ यायला ४१ किलोओहमच्या आसपास लागतो. दुकानात ३९ चा मिळेल. त्याने २१३ ओहम येतात, फरक ऐकू येणार नाही.

पाव वॉटचे, १ टक्का अचूकतेचे मेटल फिल्म रेझिस्टर घ्या, दोन्ही चॅनेलना एकाच पाकिटातले. आरसीए प्लगच्या (ऑडिओ केबलच्या टोकाचा गोल प्लग) आत सोल्डर करून फोनो स्टेजच्या दुसऱ्या समांतर इनपुटला, तो नसेल तर एकाचे दोन करणाऱ्या वाय अ‍ॅडॉप्टरवर लावा. म्हणजे मूळ वायरिंगला हात न लावता काढता-घालता येतात. एका वेळी एकच बदल करा आणि किमान दोन-तीन रेकॉर्ड ऐकून मगच पुढचा. लोड बदलला की आवाजाची पातळीही किंचित बदलते, आणि जरा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. तुलना करताना व्हॉल्यूम पुन्हा जुळवून घ्या.

अडलं तर

एक चॅनेल गेला: ट्रान्सफॉर्मरच्या इनपुटला डावी-उजवी केबल अदलाबदल करा. गप्प चॅनेल दुसऱ्या बाजूला सरकला तर दोष कार्ट्रिज, क्लिपा किंवा टोनआर्मच्या केबलमध्ये. तिथेच राहिला तर ट्रान्सफॉर्मरपासून पुढे.

जोरकस जागी आवाज फाटतो: व्हॉल्यूम निम्मा करून तीच जागा ऐका. फाटणं गेलं तर अ‍ॅम्प्लिफायर किंवा स्पीकर. मंद आवाजातही फाटत असेल तर फोनो स्टेज ओव्हरलोड होतोय, कारण व्हॉल्यूम त्याच्या नंतर येतो. लहान गुणोत्तराकडे या. मात्र रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यातच फाटत असेल तर ट्रान्सफॉर्मरचा दोष नाही, कार्ट्रिजचं अलाइनमेंट आणि सुईचा दाब बघा.

दोन-चार महिने व्यवस्थित चालून मग आवाज खरखरू लागला, तर आरसीए जोड तपासा. कोकण, गोवा, मुंबईच्या पावसाळी हवेत ते काळवंडतात, आणि अर्ध्या मिलिव्होल्टच्या सिग्नलला तेवढा थर पुरेसा असतो. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून प्रत्येक प्लग काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा, वाळू द्या आणि दोन-तीनदा फिरवून पुन्हा बसवा. सप्टेंबर संपला की एकदा आणि होळीच्या सुमारास एकदा, एवढं पुरतं.